मेलेला ओ देत नाही

उर्सुलाचा नवरा वरच्या खिंडीत गोळी लागून मेला, तेव्हा तिनं आधी तंबाखूचं गाठोडं घरी आणलं आणि मग नवऱ्याला. हे मी ऐकीव सांगत नाही. खेचर आमचं होतं आणि त्याचा लगाम माझ्या हातात होता. गुडघाभर बर्फ, खालच्या अंगाला सीमेपलीकडच्या पहारेकऱ्यांची कुत्री भुंकतायत, आणि ही बाई नवऱ्याला पालथा करून त्याच्या खांद्यावरचे पट्टे सुरीनं कापतेय.

"मावशी, आधी माणूस घ्या की," मी म्हटलं.

"माणूस कुठं पळून जातोय? तंबाखू भिजली तर वर्ष गेलं."

दुसऱ्या खेपेला गेलो तोवर तो थिजून लाकूड झाला होता. एक हात वर उचललेला, तो काही केल्या खाली होईना, आणि तसा तो खेचरावर बसेना. उर्सुलानं त्याच्या काखेत पाय रोवला आणि हात मोडून खाली घेतला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. "या हातानं मला पुष्कळ मारलंय," ती म्हणाली, आणि मग तिथंच बर्फात बसून ढसाढसा रडली.

त्या दिवसापासून गावानं तिला दगड म्हटलं. म्हणू देत. नावं ठेवणाऱ्यांच्या चुलीवर तेव्हा काय शिजत होतं ते मला माहीत आहे. आमच्या देशाला राजे दोन, एक सीमेपलीकडचा बिशप आणि दुसरा फ्रान्सचा प्रमुख. दोघंही इथं राहत नाहीत म्हणून बरं चाललंय. पण दोघांपैकी एकानंही कधी आमच्या डोंगरात बटाटा पिकवून बघितला नाही. खडकातून ओरबाडून काढलेल्या पट्टीत तंबाखू लावायची, पानं माळ्यावर वाळवायची, आणि गाठोडं पाठीवर बांधून चोरवाटेनं पलीकडे न्यायची, एवढाच आमचा धंदा. कधी माल पोचतो आणि माणूस पोचत नाही.

उर्सुलाच्या घराचं नाव सेर्नी. त्या घराचा जो धनी असेल तो सेर्नी. पाद्र्यानं बाप्तिस्म्याला काय नाव ठेवलं ते पाद्र्यालाच ठाऊक. माझ्या नवऱ्याला सगळं गाव पाल म्हणतं, कारण आमचं घर पाल. एकदा नव्या पाद्र्यानं त्याला चर्चमध्ये "पेलेग्री" म्हणून हाक मारली, तर हा शहाणा मागं वळून बघतोय, कुणाला बोलावलं म्हणून. जमीन, मेंढ्या, कुरणाचा हक्क, चर्चमधलं बाक, सगळं थोरल्याला जातं, आणि त्याबरोबर नावही. धाकट्यानं दोन वेळचं जेवावं, गोठ्याच्या वर झोपावं आणि मरेपर्यंत बाप्तिस्म्याच्या नावानं राबावं.

उर्सुलाला दोन मुलगे. थोरला क्लिमेंट, धाकटा बाल्दिरी. बाप गेला आणि क्लिमेंट सेर्नी झाला. नावाबरोबर त्यानं बापाचा पट्टाही घेतला. हात आधी चालायचा, तोंड मागून. बाल्दिरी अंगानं भावापेक्षा दणकट, पण घरात वावरायचा पाहुण्यासारखा, भिंतीच्या कडेकडेनं. डुक्कर कापायला मात्र त्याच्यासारखा हात गावात नव्हता. सुरा जबड्याखाली आत जायचा आणि जनावर ओरडायचं विसरायचं.

एकदा रस्त्यावरून कुणा गुरांच्या व्यापाऱ्यानं हाक मारली, "सेर्नी आहे का घरात?" क्लिमेंट शेतावर गेलाय असं समजून अंगणातून बाल्दिरी म्हणाला, "ओ." गंमत म्हणून म्हणाला असेल, किंवा ते नाव आपल्याला कसं बसतं ते बघायला. क्लिमेंट भिंतीमागंच होता. कुदळीचा दांडा घेऊन आला आणि भावाच्या तोंडावर असा हाणला की पुढचे दात अंगणात पडले. शिवाय पडलेल्याला लाथा घातल्या. उर्सुला धावत आली, थोरल्याला ढकलून बाजूला केलं, आणि थोबाडीत मारली ती धाकट्याच्या, ज्याचं तोंड रक्तानं भरलं होतं त्याच्या.

"ओ कुणी द्यायची ते कळत नाही तुला?"

मग आठवडाभर तीच त्याला दुधात पाव कुस्करून भरवत होती. अशी ती बाई. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

सीमेपलीकडची आपसातली लढाई संपली त्या हिवाळ्यात ब्लास आला. तिकडच्या अरागॉनचा सुतार, हरलेल्यांच्या बाजूनं लढलेला. पायाची बोटं बर्फानं काळी पडलेली. परत गेला तर भिंत आणि गोळी, हे सगळ्यांना माहीत होतं. उर्सुलानं त्याला जेवण आणि गवतात झोपायची जागा दिली, आणि खेचराचं काम दिलं. क्लिमेंट त्याला जाता-येता लाथ घालायचा. एकदा चारचौघांत ब्लासनं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाला, "सेर्नी, मी तुझा बैल नाही. पुन्हा पाय उचललास तर तो मोडीन." हे बोलणं पुढं त्याच्या गळ्यात आलं.

पुढच्या डिसेंबरात सेर्नीच्या घरी डुक्कर कापायचा दिवस होता. आम्ही शेजारीपाजारी सगळे जमलो. पुरुषांनी जबड्यात आकडा अडकवून जनावर बाकावर ओढलं, बाल्दिरीनं सुरा घातला, आणि उर्सुला खाली घमेलं धरून बसली. रक्त गोठू नये म्हणून कोपरापर्यंत हात घालून ढवळत राहावं लागतं. ते काम ती दुसऱ्या कुणाला देत नसे.

जेवायला बसलो. कोबी-बटाटा डुकराच्या चरबीत परतलेला, वाइनचं चोचीचं भांडं हातोहात फिरतंय. क्लिमेंटनं भांडं वर धरून लांब धार घशात सोडली, तोंड पुसलं आणि सांगितलं, ईस्टर झाला की माझं लग्न.

"आणि हा?" कुणीतरी बाल्दिरीकडं बोट केलं.

"हा वर, मेंढ्यांच्या झोपडीत. कायमचा. सासरा म्हणतो, पोरीला घरात एकच सेर्नी हवा. हा मधेच कुठं ओ देऊन बसायचा आणि बायको चुकून याच्याच ताटात वाढायची."

सगळे हसले. माझा नवरा तर वाइन सांडेपर्यंत हसला. वरच्या त्या झोपडीत हिवाळ्यात मेंढ्यासुद्धा ठेवत नाहीत. बाल्दिरीनं सुरा मांडीवर पुसला.

"आई, तू काय म्हणतेस?"

उर्सुला पातेल्यात बघत होती. "भाऊ सांगतो तसं कर," ती म्हणाली.

सकाळी क्लिमेंट तंबाखूच्या खोपटामागं मेलेला सापडला. जबड्याखाली एकच घाव, खाली रक्ताचं थारोळं गोठून काळं झालेलं. त्याला पहिल्यांदा बघितलं ब्लासनं. तो त्याला काखेत हात घालून उचलायला बघत होता, तेवढ्यात पुरुष आले. त्यांना रक्तानं भरलेले हात दिसले, मनगट धरल्याचं आठवलं, आणि एवढं पुरलं. त्याला काही विचारलं नाही. दांड्यांनी मारलं, बुटांनी मारलं, डुकराचा आकडा भिंतीवरून काढून आणला आणि त्यानं मारलं. तो खाली पडल्यावर त्याच्या तोंडावर उड्या मारल्या. माझा नवरा त्यात होता. घरी आला तेव्हा त्याच्या बुटाला केस चिकटले होते. मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. ते तो विसरला नाही आणि मीही नाही. ब्लासला बांधून लाकडाच्या खोपीत टाकलं.

दुपारी मोठ्या गावाहून न्यायाधीश आला, सोबत कारकून. प्रेत स्वयंपाकघरात कालच्याच बाकावर ठेवलं होतं, दुसरं एवढं लांब बाक घरात नव्हतं. आमच्याकडे कुणी घातपातानं मेलं की न्यायाधीश प्रेतासमोर उभा राहून त्याला तीनदा विचारतो, त्याच्या रोजच्या नावानं. मेलेला बोलत नाही, मग तसं लिहून घेतात, आणि प्रेत उचलायला मोकळं होतं. आज्यापणज्यापासून असंच चालत आलंय.

न्यायाधीश सर्दीनं बेजार होता. टोपी काढली, नाक पुसलं. "ऊठ, मेलेल्या. न्याय तुला हाक मारतोय. सेर्नी, तुला कोणी मारलं?"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याला सगळं म्हणायचा कंटाळा आला असावा. रस्त्यावरून शेजाऱ्याला हाक मारावी तसा तो नुसता ओरडला, "सेर्नी!"

"ओ," दाराजवळून बाल्दिरी म्हणाला.

नुसती ओ दिली म्हणून कुणी खुनी होत नाही, एवढं मलाही कळतं. पण भाऊ बाकावर आडवा, अजून पुरलाही नाही, आणि त्याच्या नावाला ओ द्यायची तर जीभ आधीपासून तयार असावी लागते. शब्द गेला आणि बाल्दिरीनं दात पडलेल्या तोंडावर हात घट्ट दाबला. रंग उडालेला. त्यानं आईकडं पाहिलं. सगळ्या घरानं आईकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही किंचाळणार.

"तुला नाही विचारलं, बाल्दिरी," उर्सुला म्हणाली. "गप बस."

न्यायाधीशानं पुन्हा नाक पुसलं. "लिही," कारकुनाला म्हणाला. "तीनदा विचारलं. मेलेला ओ देत नाही." मग त्यानं ठरवून टाकलं की खटल्याची डोकेदुखी नको. परक्या देशाचा माणूस, जेवणं झाली की सीमेवर नेऊन पलीकडच्या शिपायांच्या हवाली करा. त्यांचा माणूस त्यांना. त्याचं पुढं काय होणार हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

मांस थांबत नाही. उर्सुला आणि मी सॉसेज भरायला बसलो. ती आतडं धरायची, मी मसाल्याचं मांस आत दाबायची.

"मावशी, तुम्ही ऐकलंत."

"मी काही ऐकलं नाही."

"मग गप बस कुणाला म्हणालात? मांजराला?"

तिनं आतड्याला गाठ मारली. "रेमेई, एक गेला. दुसऱ्याला मी माझ्या हातानं देऊ? मग ही चूल कुणासाठी पेटवू? भुतांसाठी?"

खरं सांगायचं तर मलाही घरच दिसत होतं. धनी नसलेलं घर आमच्याकडे कुणाला बघवत नाही. खोपीतून ब्लास पाणी मागत होता. आवाज माणसाचा वाटत नव्हता. एकदा, दोनदा, मग ती चिडून उठली, "पाज त्याला, नाहीतर दिवसभर बोंबलत बसेल," आणि स्वतःच भांडं घेऊन निघाली. मी मागोमाग गेले.

एक डोळा राहिला नव्हता, त्या जागी भोक होतं. जबडा एका बाजूला लोंबत होता, पाणी ओतलं की बाहेर यायचं. उर्सुलानं जबडा हातानं धरून वर उचलला, तेव्हा चार घोट आत गेले.

"मावशी," तो म्हणाला, "मी त्याला उचलत होतो. तो अजून गरम होता."

"माहीत आहे."

"त्यांना सांगा, मला इथंच मारा. पलीकडं देऊ नका."

"मरायचंच तर कुठंही मर. तुला काय फरक पडतो?"

"तिथं माझी आई आहे. आमच्या गावात गोळी घालतात तेव्हा आईला आणून पुढं उभं करतात. बघायला लावतात."

उर्सुलानं त्याचा जबडा सोडला नाही. बराच वेळ धरून राहिली. मग तो हळूच त्याच्या छातीवर टेकवला, भांडं माझ्या हातात दिलं आणि घरात गेली.

आत पुरुष जेवत होते. प्रेतावर चादर घातली होती. चुलीजवळच्या धन्याच्या खुर्चीत बाल्दिरी बसला होता आणि न्यायाधीशाला वाइन देत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत टेकला असेल तो.

"साहेब," उर्सुला म्हणाली, "त्यानं ओ दिली. तुम्ही ऐकलीत."

न्यायाधीशानं घास खाली ठेवला. "बाई, मेलेला ओ देत नाही. तसं लिहून झालंय."

"जिवंतानं दिली. ते लिहा. यानं भावाला मारलंय आणि त्या पोराला तुम्ही फुकट नेताय."

"आई," बाल्दिरी म्हणाला. एवढंच. मग खुर्ची पालथी झाली आणि सुरा त्याच्या हातात दिसला. माझा नवरा त्याच्यावर झेपावला, तर नवऱ्याच्याच पंजातून सुरा आरपार जाऊन मेजाला लागला. बाल्दिरीनं तो उपसला, चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि शिडीनं माळ्यावर चढला. माळ्यावर वर्षाची तंबाखू टांगलेली, कागदासारखी वाळलेली. पेटली असती तर आमच्या घरांची सगळी रांग गेली असती. वरून तो ओरडत होता, "जो वर येईल त्याचं डुक्कर करीन. जाळून टाकीन सगळं. माझं नाही ना? मग कुणाचंच नको." शिडी अरुंद, एका वेळी एकच माणूस चढेल. कुणी पाय टाकेना. नवऱ्याचा हात मी चादरीत गुंडाळत होते, क्लिमेंटच्या अंगावरच्याच, आणि रक्त काही थांबेना. न्यायाधीश म्हणाला, बंदूक आणा.

"बंदूक नको," उर्सुला म्हणाली. तिनं हाताची चरबी मळक्या एप्रनला पुसली, शिडीखाली जाऊन उभी राहिली आणि वर तोंड केलं. आधी नवऱ्याला, मग थोरल्याला, रोज दुपारी जशी हाक मारायची तशीच मारली.

"सेर्नी! जेवायला ये. गार होतंय."

वर पानं सळसळली. धूर येतोय का म्हणून आम्ही नाकं वर करून उभे.

"ओ," वरून आवाज आला. "आलो, आई."

जळतं लाकूड त्यानं वरूनच दगडी फरशीवर टाकलं, सुरा वरच ठेवला, आणि शिडीकडं तोंड करून एकेक पायरी उतरला. उतरताना मान वळवून तो आईकडं बघत होता. ते बोळकं तोंड हसत होतं. त्या माणसाला मी लहानपणापासून ओळखत होते, आणि तो असा हसताना मी कधी पाहिला नव्हता. तो फसला असं मला आजही वाटत नाही. त्याला सगळं कळत होतं आणि तरी तो उतरला.

शेवटच्या पायरीवर पुरुष त्याच्यावर पडले. सकाळचेच दांडे, सकाळचेच बूट. सकाळी चुकीचा माणूस मारला त्याचा राग त्यांनी याच्यावर काढला. बरगड्या मोडल्या, नाक चेपलं. तो हात वर करत नव्हता. पायांच्या जंगलातून आई दिसते का तेवढं बघत होता.

"आई, परत म्हण," तो म्हणाला. "एकदा परत म्हण."

उर्सुला गर्दीत घुसली, दोघांना कोपरानं मागं सारलं आणि त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली. मला वाटलं, म्हणेल. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं.

"बाल्दिरी," ती म्हणाली, "हात पुढं कर. बांधू दे."

त्यानं दोन्ही हात पुढं केले.

ब्लास जगला. एका डोळ्यानं फ्रान्सच्या बाजूला गेला, जाताना कुणाचा निरोप घेतला नाही, उर्सुलाचाही नाही. बाल्दिरीला उन्हाळ्यात मोठ्या गावच्या चौकात मारलं, गळ्यात लोखंडी कडं घालून मागून पिळून. दोन्ही राजांनी सही केली म्हणे; आमच्या गावाचं नाव त्यांना पहिल्यांदाच कागदावर दिसलं असेल. मारणाऱ्याचा हात सवयीचा नव्हता, त्यामुळं वेळ लागला. उर्सुलाला कुणी बोलावलं नव्हतं. आईला आणून उभं करायची पद्धत आमच्याकडे नाही. ती आपल्या पायांनी खाली आली, माणसं बाजूला सारत अगदी पुढं गेली, आणि संपेपर्यंत त्याच्या समोर उभी राहिली.